चरबीची बाजू घेणारे साडू

माणसाच्या सुटलेल्या पोटाकडे माझ्या साडूंइतक्या आदरानं पाहणारा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. देवळाच्या पायरीशी लोक जसे न सांगता चपला काढतात, तसे साडू एखादा भरलेल्या अंगाचा माणूस समोर आला की न सांगता बोलणं थांबवत आणि क्षणभर त्याच्या शर्टाच्या खालच्या तीन बटणांवर नजर ठेवून उभे राहत. त्या नजरेत थट्टा नसायची, दयाही नसायची. मोठ्या कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून आत काय काय चाललं असेल याचा विचार करणाऱ्या माणसाची ती नजर होती. समोरच्याला हे कुठून कळणार? तो आपला घाईघाईनं पोट आत ओढायचा, आणि साडू कळवळून म्हणायचे, "अहो, ओढू नका. त्यांना त्रास होतो." त्यांना म्हणजे चरबीच्या पेशींना.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या, मीनाच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. उमेळ्याला त्यांचं बैठं घर आणि मागे लहानशी वाडी, त्यात केळी, सोनचाफा आणि थोडी पानवेल. मी त्यांना भाऊ म्हणतो. गाव त्यांना चरबीमास्तर म्हणतं, आणि ते त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. स्वतः भाऊ इतके किडकिडीत, की अंगावरचा शर्ट हँगरला लावलाय असं वाटावं. "आमच्या घरातली सगळी चरबी माझ्या नावावर आहे," असं ताई म्हणायच्या. ताई म्हणजे त्यांची बायको. त्या अंगानं भरलेल्या होत्या आणि हसायला लागल्या की ते हसणं त्यांच्या खांद्यांवरून, दंडांवरून खाली उतरत जायचं. आधी त्या हसायच्या आणि मग बांगड्या.

भाऊंची आणि माझी पहिली गाठ पडली ती मी मीनाला बघायला गेलो तेव्हा. नालासोपाऱ्याला तिच्या माहेरी बाहेरच्या खोलीत सगळे जमले होते. सासऱ्यांनी नोकरी विचारली, सासूबाईंनी गाव विचारलं, आणि घरचे मोठे जावई म्हणून खुर्चीत मानानं बसवलेले भाऊ मला म्हणाले, "जरा उभे राहता का?" मी उभा राहिलो. त्यांनी मला समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं आणि सासऱ्यांकडे वळून सांगितलं, "मुलगा चांगला आहे. फक्त जे कमरेवर असायला हवं होतं ते पोटाच्या आत आहे. पण वय लहान आहे, समजावता येईल." सासऱ्यांना वाटलं, मला काहीतरी दुखणं आहे. त्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात आतून कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि पाठोपाठ पोह्यांची बशी पडल्याचा आवाज आला. माझं लग्न जमलं ते ताईंच्या त्या हसण्यामुळे, असं माझं आजही मत आहे. कारण त्यानंतर त्या खोलीत गंभीर राहणं कुणालाच जमलं नाही.

भाऊ डॉक्टर नव्हते. हे ते स्वतःच पहिल्या वाक्यात सांगत आणि दुसऱ्या वाक्यापासून डॉक्टरांच्या चुका काढत. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत ते तीसेक वर्षं प्रयोगशाळा सहायक होते आणि त्यांच्या प्रयोगशाळेचा विषय एकच, माणसाची चरबी. ऑपरेशनच्या वेळी रुग्णाला विचारून काढलेला सुपारीएवढा तुकडा बर्फातून त्यांच्याकडे यायचा. भाऊ तो धुवायचे, कात्रीनं बारीक करायचे, त्यातल्या पेशी वेगळ्या करून काचेच्या बशीत ठेवायचे, त्यांना एखादं हॉर्मोन द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या हॉर्मोनचं काय झालं ते मोजायचे. वरचे शास्त्रज्ञ आले, परदेशी गेले, निवृत्त झाले. बशीसमोर भाऊ होते तसेच. शोधनिबंध छापून आला की शेवटी बारीक अक्षरांत आभाराची ओळ असे आणि तीत भाऊंचं नाव असे, दर वेळी वेगळ्या तऱ्हेनं चुकलेलं. ती सगळी पानं त्यांनी एका निळ्या फायलीत लावून ठेवली होती. उमेळ्याला गेलं की आधी फाईल यायची, मग पाणी, मग चहा.

चरबी म्हणजे जास्तीचं खाणं साठवायचं कोठार, असं आपण सगळेच समजतो. हे वाक्य भाऊंच्या कानावर पडलं की माणसाची सुटका नसे. गास गावातल्या एका लग्नात मुलाच्या मामांनी जेवता जेवता पोटावर हात फिरवून नुसतं एवढंच म्हटलं, की आता ही चरबी उतरवायला हवी. भाऊंनी आपलं ताट उचललं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "तिच्याबद्दल असं बोलू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "ती पडून नसते, कामात असते. आता बघा, काळजीच्या वेळी अंगात जे हॉर्मोन सुटतं, ते काम संपल्यावर निकामी होऊन रक्तातून फिरत असतं. बाकीचं शरीर त्याला विचारत नाही. ही मात्र त्याला आत घेते आणि तिथल्या तिथे परत कामाला लावते. कुणाला विचारून? कुणालाच नाही. मेंदूला पत्ता नसतो. रक्त तपासलंत तर सगळं ठीक दिसणार. रक्त म्हणजे हायवे झाला. हायवेवर उभं राहून उमेळ्यात कुणाच्या घरी काय शिजतंय ते कसं कळणार?" मामांनी मठ्ठा मागवला. मग दुसरा मागवला. विहीणबाई त्यांना शोधत आल्या तेव्हा मामांचा चेहरा रडवेला झाला होता आणि भाऊ म्हणत होते, "हे झालं कातडीखालच्या चरबीचं. आता पोटाच्या आत जाऊ."

घरातही तीच तऱ्हा. शेजारच्या फिलोमिनाबाई दर नाताळात डुकराच्या मांसाचं इंद्याल घेऊन यायच्या. भाऊ त्यातला चरबीचा तुकडा चमच्यावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरत आणि माणसाच्या व डुकराच्या चरबीतलं साम्य सांगू लागत. एकदा फिलोमिनाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मास्तर, त्याला शिकवू नका. त्याचं शिकून झालंय. तुम्ही खा."

पण भाऊंचा त्या तुकड्यांवर किती जीव होता ते मला कळलं पुराच्या वर्षी. वसईतल्या एका इस्पितळातून दोन नमुने घेऊन ते भाऊंना दुसऱ्या दिवशी संस्थेत पोचवायचे होते. ते बर्फाचा डबा घेऊन संध्याकाळी घरी आले आणि पाऊस असा लागला की चार दिवस वसई पाण्यात. भाऊंनी नमुन्यांची डबी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, मटारांच्या पिशवीमागे ठेवली. आतड्यांवर चरबीचा जो पडदा असतो त्याच्या इंग्रजी नावाची पहिली दोन अक्षरं तिच्यावर लिहिलेली होती, ओ आणि एम. ताईंनी सकाळी बर्फ काढायला कप्पा उघडला आणि वाचलं, ओम्. नवऱ्यानं कुठल्या तरी देवस्थानाचा प्रसाद आणला आणि आपल्याला सांगायचं विसरला, असं समजून त्यांनी डबीला हळदकुंकू वाहिलं, वर चाफ्याचं फूल ठेवलं आणि कप्पा लावून टाकला. दुपारी वीज गेली. भाऊंनी डबी काढली, तिचा तो थाट पाहिला आणि ती छातीशी धरून गुडघाभर पाण्यातून कोळीवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्याकडे निघाले. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच अडकलो होतो, म्हणून छत्री धरून मागे.

कारखान्याच्या दाराशी एक म्हातारी कोळीण बसली होती. "काय हाय मास्तर त्यात? पापलेट?" तिनं विचारलं.

"माणसाची चरबी आहे," भाऊ म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी सुचायचंच नाही.

म्हातारीनं डबीवरचं कुंकू पाहिलं, फूल पाहिलं आणि हात जोडले. "ठेवा तिकरं कोपऱ्यात. पानी उतरंल तवा न्या. पन मासळीला लावू नका."

चौथ्या दिवशी भाऊ डबी घेऊन संस्थेत गेले. साहेबांनी एकदा पाहून ती कचऱ्यात टाकायला सांगितली. पेशी केव्हाच मेल्या होत्या. भाऊंनाही ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी घरी आल्यावर ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. "कुणा बाईनं आपल्या पोटातलं काढून दिलं होतं, प्रकाशराव," ते मला म्हणाले. "तिनं काही विचारलंसुद्धा नाही. नुसती सही केली. आणि आपण ते फेकलं."

लग्नाच्या चौतीस वर्षांत ताईंनी भाऊंचं एकही वाक्य शेवटपर्यंत ऐकलं नाही. भाऊंनी 'चरबीतल्या पेशींना' एवढं म्हटलं की ताई उठायच्या, "थांबा, भाजी करपतेय." भाजी शिजत नसली तरी करपायची. पन्नाशीला त्यांची पाळी थांबली तेव्हा भाऊंना राहवलं नाही. "अंडाशय निवृत्त झाले म्हणून बाईच्या शरीरातलं बाईपणाचं हॉर्मोन संपत नाही," ते जेवताना सांगू लागले, "चरबी ते बनवत राहते, आपलं आपण, जिथल्या तिथे. ती ड्यूटीवर असते." ताई म्हणाल्या, "मग तिला म्हणावं, चार भांडी घासून जा." आम्ही सगळे हसलो. भाऊही हसले. त्यांचं बोलणं असं मधेच तोडलेलं त्यांना आवडत असावं.

पुढे ताईंचे गुडघे दुखायला लागले आणि गावातल्या डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून सांगितलं. भाऊ त्यांच्याशी भांडून आले. "हिची सगळी कमरेवर आणि मांड्यांवर आहे," त्यांनी डॉक्टरांना ऐकवलं, "ती शहाणी चरबी. पोटातल्यासारखी उपद्रवी नाही. हिला हात लावायचं कारण नाही." ताई दवाखान्यातच लाजून पदराआड हसल्या. जे पुरुष बायकोला कधी 'छान दिसतेस' म्हणत नाहीत त्यांच्यापैकी भाऊ एक. त्यांचं प्रेम व्यक्त झालं ते एवढंच आणि असंच. पुढे त्याच वाक्यानं त्यांचा घास घेतला.

इथून पुढचं लिहिताना हात जड होतो, पण ते गाळून भाऊ सांगता येणार नाहीत.

निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. एका सकाळी ताई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या आणि भाऊ चाफ्याच्या कळ्या काढत होते. ताई फक्त डावा हात वर करतायत हे त्यांच्या लक्षात आलं. "उजव्याला काय झालं?" त्यांनी विचारलं. "आखडलाय," ताई म्हणाल्या. भाऊंनी जवळ जाऊन खांद्याला हात लावला आणि ताई कळवळून बाजूला झाल्या. मग त्यांनी सांगितलं. छातीत गाठ होती. आता काखेतही होती. आठ महिने झाले होते.

भाऊंचा फोन आला आणि मी न् मीना आमच्या फुलपाड्याच्या घरून रिक्षा करून उमेळ्याला गेलो. रस्ताभर मीना रडत होती, आणि रडता रडता तिनं मला सांगितलं की तिला पाच महिन्यांपासून माहीत होतं. "ताईनं शपथ घातली होती," ती म्हणाली. "गणपती झाले की जाते म्हणाली. मग दसरा झाला की जाते म्हणाली." मी तिच्यावर रागावणार होतो, पण तिच्याकडे बघून खिशातला रुमाल काढून दिला.

भाऊ ओट्यावर बसले होते. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. शेजारच्या वाडीत सात मजली इमारत उठत होती आणि तिथल्या मिक्सरचा आवाज सारखा येत होता. त्या आवाजात भाऊंनी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" त्यांनी ते तिसऱ्यांदा विचारलं असावं, कारण ताई थकल्यासारख्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही फाईल काढली असती. हे कसं होतं, कुठून होतं, कुठलं हॉर्मोन कुठे जातं, सगळं सांगितलं असतं. मला ते नव्हतं हो ऐकायचं. मला भीती वाटत होती. मी म्हटलं, कुणी नावच काढलं नाही तर जाईल कदाचित."

 भाऊ नुसते मान हलवत राहिले, जणू ती म्हणतेय ते बरोबरच आहे.

ऑपरेशन झालं, केमो झाली. ताईंचे केस गेले, हसणं बरंचसं राहिलं. औषधं ठरवायच्या दिवशी भाऊंनी मला सोबत बोलावलं होतं. डॉक्टर तिशीतली मुलगी होती, मनानं चांगली. तिनं एका कागदावर गोल काढला आणि भाऊंना समजेल अशा सोप्या भाषेत सांगायला लागली. "काका, हा आजार वाढायला एक हॉर्मोन लागतं. पाळी गेल्यावर ते अंडाशयातून येत नाही. पण आपल्या अंगात जी चरबी असते ना, ती नुसती साठवण नसते. ती स्वतः हे हॉर्मोन तयार करते. छातीतलीसुद्धा. रक्तात थोडं दिसतं, पण तिथे, गाठीच्या शेजारी, जास्त असू शकतं. ही गोळी चरबीला ते बनवू देत नाही. कळलं का, काका?"

मी भाऊंकडे पाहिलं. आता फाईल निघणार, असं मला वाटलं. त्यांच्या आयुष्याची तीस वर्षं त्या मुलीनं चार वाक्यांत सांगितली होती आणि त्यातला एक शब्दही चुकला नव्हता. भाऊ खुर्चीच्या टोकावर हात मांडीत घेऊन बसले होते.

"हो का," ते म्हणाले. "रोज एकच घ्यायची का?"

"एकच. रोज ठरलेल्या वेळी."

"वजन... म्हणजे हिचं वजन आधी कमी केलं असतं तर?"

डॉक्टर मुलीनं पेन खाली ठेवलं. "एका कारणानं हे होत नाही, काका. कुणीच असं सांगू शकत नाही. तुम्ही तसा विचार करू नका."

"बरं," भाऊ म्हणाले.

बाहेर आल्यावर ताई मीनाबरोबर औषधाच्या खिडकीकडे गेल्या आणि मी भाऊंना विचारलं, की तुम्ही बोलला का नाहीत, हे तुमचंच तर काम होतं.  "मला माहीत आहे म्हटलं असतं," ते म्हणाले, "तर तिनं पुढचा प्रश्न विचारला असता. माहीत होतं, तर मग एवढे महिने काय करत होतात? मी काय सांगणार होतो, प्रकाशराव? शहाणी चरबी म्हणून सांगणार होतो?"

त्या दिवसापासून भाऊ बोलायचे थांबले. तसे पाणी आलं का, रिक्षा मिळाली का, एवढं बोलत. पण लग्नात ते मुकाट्यानं एका कडेला जेवायचे. सुटलेल्या पोटांचे लोक समोरून जायचे आणि भाऊ पत्रावळीत बघत राहायचे. निळी फाईल माळ्यावर गेली. गावातल्या लोकांना, जे इतकी वर्षं त्यांना टाळून दुसऱ्या गल्लीनं जायचे, करमेनासं झालं. एक गृहस्थ तर मुद्दाम त्यांच्यापुढे पोटावर हात मारून म्हणाले, "मास्तर, फारच वाढलंय, काय करावं?" भाऊ म्हणाले, "डॉक्टरांना दाखवा."

ताईंना रोज सकाळी नऊ वाजता गोळी द्यायची ते त्यांनी कुणाला करू दिलं नाही. गोळीनं ताईंचे सांधे धरायचे. सकाळी उठताना त्यांना हाताची मूठ मिटता येत नसे. भाऊ कोमट पाण्यात त्यांची बोटं शेकत बसत. आम्ही दर रविवारी जायचो. घरात इतकं शांत असे की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज यायचा. ताईच शेवटी म्हणायच्या, "अहो, बोला काहीतरी. घर खायला उठतंय." भाऊ विचारायचे, "काय बोलू?" आणि खरंच त्यांना काही सुचत नसे.

दोन वर्षं बरी गेली. मग पाठ दुखायला लागली, तपासण्या झाल्या, आणि दुखणं हाडांत उतरल्याचं कळलं. डॉक्टर मुलीनं औषध बदललं, पण आता ती कागदावर गोल काढत नव्हती. ताई झपाट्यानं वाळल्या. ज्या दंडांवरून हसणं उतरायचं ते दंड माझ्या मनगटाएवढे झाले. ज्या माणसानं आयुष्यभर चरबीची बाजू घेतली त्याच्या डोळ्यांदेखत ती अंगावरून निघून गेली, आणि तिच्याबरोबर दुखणं मात्र गेलं नाही.

शेवटच्या महिन्यातली एक दुपार. मीना आत पेज करत होती, मी खाटेजवळ बसलो होतो. ताईंनी डोळे उघडले आणि भाऊंना म्हणाल्या, "सांगा ना ते."

"काय?"

"तुमचं ते. चरबी काय करते ते. पहिल्यापासून सांगा. आज भाजी नाही करपत."

भाऊ खाटेच्या कडेला बसले. घसा साफ केला. "चरबीतल्या पेशींना," ते म्हणाले, आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "चरबीतल्या पेशींना..." ताई वाट बघत होत्या. चौतीस वर्षांत पहिल्यांदा समोर कुणी उठून जात नव्हतं. भाऊंचा चेहरा वेडावाकडा झाला. "मला नीटसं माहीत नाही गं," ते म्हणाले. "मी नुसतं मोजायचो."

ताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि डोळे मिटले. पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. सकाळी, गोळीच्या वेळेच्या थोडं आधी. भाऊंनी नऊ वाजता सवयीनं पाण्याचा पेला भरून आणला आणि माणसं बघून तो तसाच हातात धरून उभे राहिले. फिलोमिनाबाईंनी तो त्यांच्या हातून काढून घेतला.

त्यानंतर सहाएक महिन्यांनी, एका कामाच्या दिवशी सकाळी दहाला भाऊ आमच्या फुलपाड्याच्या घरी आले. न कळवता ते कधी येत नसत. इस्त्रीचा शर्ट होता. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. मीनाला म्हणाले, "चल."

मीनाला कळलं. सख्ख्या बहिणीला झालं होतं म्हणून तिनंही तपासणी करून घ्यायला हवी होती. डॉक्टर मुलीनं ते दोनदा सांगितलं होतं. आज जाते, उद्या जाते, असं करत ती टाळत होती. मी विषय काढला की उठून जायची. "भाऊजी, मला भीती वाटते," ती दारातच म्हणाली.

भाऊंनी तिला काही समजावलं नाही. कारण सांगितलं नाही, धोका सांगितला नाही, बहिणीचं नाव काढलं नाही. "मलाही वाटते," एवढंच म्हणाले. मीना आत गेली आणि साडी बदलून आली. मी ऑफिसला येत नाही म्हणून कळवलं आणि त्यांच्या मागून निघालो.

रिपोर्ट चांगला आला. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी तो यायचा होता आणि ते दोन तास मी विसरलेलो नाही. तपासणी केंद्राच्या लांबट खोलीत भिंतीला लागून खुर्च्या होत्या. मीना आत जाताना पर्स कुणाकडे द्यावी म्हणून घुटमळली आणि भाऊंनी हात पुढे केला. मग ते ती लाल पर्स मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून बसले. आत एक स्थूल बाई गेली, एक बारीक मुलगी बाहेर आली. भाऊंनी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांचे ओठ हलत होते. ते काही म्हणत होते की नुसते हलत होते, मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

आतला दरवाजा उघडून पांढऱ्या कोटातल्या मुलीनं मीनाचं नाव पुकारलं. "यांच्यासोबत कोण आहे?" तिनं विचारलं.

मी उठायला खुर्चीचे हात धरले. पण भाऊ आधीच उभे राहिले होते, पर्स छातीशी धरून, शाळेत नाव पुकारल्यावर मुलं उभी राहतात तसे. "मी आहे," ते म्हणाले.

मी पुन्हा खाली बसलो. जाऊ दिलं त्यांना.